‘राजा’ जहाजावरची गोधडी आणि परत न गेलेली माणसं

शेवंतीची वेणी (धागाकर्ती)

माझी आई गोधडी शिवायला बसली की आधी मधला चौकोन ठरवायची. जुन्या लुगड्याचा बरा राहिलेला पदर तिथे जायचा आणि मग त्याच्या चहूबाजूंनी चिंध्यांच्या पट्ट्या वाढत जायच्या. ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात एक गोधडी आहे, तीही अशीच मधून बाहेर वाढलेली. मधल्या चौकोनात छिटाच्या कापडातून कापून घेतलेली फुलं आणि पक्षी, भोवती पट्ट्यांवर पट्ट्या. लांबी-रुंदी सव्वातीन मीटरांच्या आसपास. तुकडे २,८१५. ही गोधडी १८४१ साली ‘राजा’ नावाच्या जहाजावर, भर समुद्रात, कैदी बायकांनी शिवली.

कापड आता फार नाजूक झालंय, म्हणून ती क्वचितच बाहेर काढतात. मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही. फोटो मात्र मोठे करकरून पाहिलेत, आणि गेले काही महिने तिचाच धागा धरून मी ऑस्ट्रेलियात हद्दपार केलेल्या माणसांबद्दल वाचते आहे. इथे या विषयावर फारसं कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून लिहिते.

५ एप्रिल १८४१ ला ‘राजा’ लंडनजवळच्या वुलिचहून सुटलं तेव्हा त्यावर १८० कैदी बायका होत्या. तुरुंगसुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या महिला मंडळाने जहाज निघण्याआधी त्यांना शिवणाचं सामान दिलं: शंभर सुया, दोरे, टाचण्या, कात्री, अंगुस्तान आणि दोन पौंड चिंध्या. साडेतीन महिन्यांचा प्रवास, खाली कोंदट तळघर, वर पाणीच पाणी. १९ जुलैला टास्मानिया बेटावरच्या होबार्टला पोचेपर्यंत गोधडी तयार होती. तिच्या काठाजवळ बारीक रेशमी टाक्यांत मजकूर आहे. मंडळाच्या बायकांचे आभार, आणि ‘कामसू राहा’ हा तुमचा उपदेश आम्ही विसरलो नाही याचा हा पुरावा, अशा अर्थाचा. खाली तारीख, जून १८४१. शिवणाऱ्यांची नावं नाहीत. पुढे ती इंग्लंडला परत पाठवली गेली, मग दीडशे वर्षं कुणाला तिचा पत्ता नव्हता. १९८७ साली स्कॉटलंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली आणि १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात आली.

गोधडी परत गेली. शिवणाऱ्या बहुतेक जणी नाही गेल्या. मला इथे लिहायचंय ते याबद्दलच.

१७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे १,६२,००० माणसं ऑस्ट्रेलियाला हद्दपार झाली. त्यात बायका सुमारे २५,०००. बहुतेक जणी घरकाम करणाऱ्या, बहुतेकींचा गुन्हा चोरी. कापडाचा तागा, मालकिणीचा झगा, चमचे, चादर. या बायका म्हणजे वेश्याच होत्या असं पुष्कळ ठिकाणी सहज लिहिलेलं असतं. मुळात वेश्याव्यवसायासाठी हद्दपारीची शिक्षाच नव्हती. त्या काळच्या साहेबांनी त्यांच्याबद्दल जे तुच्छतेने लिहून ठेवलं तेच पुढे शंभर वर्षं पाठ होत राहिलं, आणि मला याचा मनापासून राग येतो.

शिक्षा साधारण तीन मापांत मिळे: सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मभर. सगळ्यात जास्त माणसांना शिक्षा सात वर्षांची. ऐकायला बरं वाटतं. पण मुदत संपली, हातात सुटकेचा दाखला पडला, तरी परतीचं भाडं सरकार देत नसे. पुरुष निदान एखाद्या जहाजावर खलाशी म्हणून राबून घर गाठू शकत. बाईला ती वाट बंद. म्हणजे चादर चोरलेल्या मोलकरणीला न्यायाधीशाने सात वर्षं सांगितली, आणि मिळाली जन्मठेप. फटके, बेड्या, अंधारकोठड्या याबद्दल सगळे लिहितात, ते खरंच होतं. पण खरी शिक्षा अंतराची होती असं मला वाटतं. आई, नवरा, मागे राहिलेलं मूल यांच्या दृष्टीने ती माणसं जहाज सुटलं त्या दिवशीच गेली.

जाणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. तुरुंगात बसून ते तांब्याची मोठी पेनी घासून गुळगुळीत करत, राजाचा चेहरा पुसून टाकत आणि त्यावर टोकदार हत्याराने अक्षरं कोरत. आपलं नाव, तिचं नाव, तारीख, एखादं हृदय, साखळी, ‘हे पाहशील तेव्हा माझी आठवण काढ’ अशी ठरलेली ओळ. ते नाणं घरच्यांकडे ठेवून जायचं. कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशी तीनशेहून जास्त नाणी आहेत. काहींवरची अक्षरं सुबक, काहींवरची वेडीवाकडी. वेडीवाकडी जास्त लागतात.

मला वाचताना सगळ्यात आश्चर्य वाटलं ते सरकारी वह्यांचं. टास्मानियात उतरणाऱ्या प्रत्येक कैद्याचं अख्खं अंग लिहून घेत: उंची, वर्ण, केस, डोळे, नाकाची ठेवण, देवीचे व्रण, मोडलेलं बोट आणि गोंदण. हेतू साधा होता, पळाला तर ओळखता यावा. पण त्या गोंदणांच्या यादीत माणूस दिसायला लागतो. हातावर नांगर, दंडावर दोन आद्याक्षरं, छातीवर क्रूस. आपल्याकडे बायका कपाळावर, हातावर गोंदवून घेत आणि म्हणत की मेल्यावर बरोबर येतं ते एवढंच. ती आद्याक्षरं वाचताना मला तेच आठवत राहिलं. कारकुनाने लिहिलं ते पकडण्यासाठी, आज त्याच वह्यांतून कितीतरी ऑस्ट्रेलियन माणसं आपली पणजी शोधतात. २००७ साली युनेस्कोने या कैदी-नोंदींचा जागतिक स्मृतिवारशात समावेश केला.

मागच्या वर्षी मुलीकडे गेले होते तेव्हा होबार्टला कॅस्केड्सचा ‘फीमेल फॅक्टरी’ म्हणतात तो बायकांचा तुरुंग पाहिला. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, जिथे ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं अशी जागा. पूर्वी तिथे दारूची भट्टी होती, १८२८ मध्ये तुरुंग झाला. आता भिंती आणि मोकळी आवारं उरलीत. बायकांचे तीन वर्ग असत. सगळ्यात खालच्या वर्गातल्या बाईच्या जाकिटाच्या पाठीवर, बाहीवर आणि परकरावर पिवळा ‘सी’ शिवलेला असे. काम कपडे धुण्याचं आणि लोकर कातण्याचं. मालकाच्या घरी कामाला असताना दिवस गेले तर बाईला इथे परत पाठवत, आणि मालकाला कुणी काही विचारत नसे. बाळ अंगावरून तुटलं की आईला दुसऱ्या आवारात धाडत, आणि जगलं तर दोन-तीन वर्षांचं झाल्यावर अनाथालयात. बाळं फार मेली तिथे. मी त्या आवारात अर्धा तास उभी होते. जुलैचा गारठा होता, माझ्या अंगात जाड कोट होता, तरी हुडहुडी भरली.

---

गारगोटी

ताई, सुन्न झालो वाचून. एक शंका. चादरीसाठी सात वर्षं सातासमुद्रापार? मी तर समजत होतो की खुनी, दरोडेखोर यांनाच पाठवत असतील.

---

निवृत्त मास्तर

गारगोटी, खुन्याला तिथेच फाशी देत, पाठवायचा प्रश्नच येत नसे. तेव्हाच्या इंग्लंडात दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा माल चोरला तरी फाशी. त्यामुळे पंचांना दया आली की ते चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम एकोणचाळीस शिलिंग ठरवत. असे खटले शेकड्याने आहेत. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे जुने खटले आता घरबसल्या वाचता येतात, जरूर वाचा. फाशी आणि सुटका यांच्या मधली जागा म्हणजे हद्दपारी.

आधी ही माणसं अमेरिकेत पाठवत. १७७५ ला तिथे युद्ध पेटलं आणि ती वाट बंद झाली. तुरुंग भरले, म्हणून १७७६ पासून थेम्स नदीत निकामी जहाजं नांगरून त्यांत कैदी कोंबायला सुरुवात झाली. दहा वर्षांनी तीही ओसंडली. मग १३ मे १७८७ ला पोर्ट्समथहून ११ जहाजं निघाली, आर्थर फिलिपच्या हाताखाली. तेनेरीफ, रिओ, केप टाउन करत आठ महिन्यांनी बॉटनी बे. ती जागा पसंत पडली नाही, म्हणून थोडं उत्तरेला सरकून २६ जानेवारी १७८८ ला सिडनी कोव्हला उतरले. त्यात जॉन हडसन नावाचा धुराडी साफ करणारा पोरगा होता. शिक्षा झाली तेव्हा वय वर्षं नऊ.

पण मला लिहायचं आहे ते दुसऱ्या ताफ्याबद्दल, कारण शाळेत शिकवताना यावर दोन तास घ्यावेत असं मला नेहमी वाटे आणि अभ्यासक्रमात जागा नसे. १७९० साली दुसरा ताफा नेण्याचा ठेका गुलामांची वाहतूक केलेल्या एका व्यापारी पेढीला दिला. दर डोई १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स. हा दर जहाजावर चढवलेल्या माणसाचा होता, उतरवलेल्या माणसाचा नव्हे. पुढचं सगळं या एका कलमातून आलं. कैदी जितका लवकर मरेल तितकं त्याचं अन्न वाचतं, आणि वाचलेलं अन्न बंदरात विकता येतं. ‘नेपच्यून’, ‘सरप्राइझ’ आणि ‘स्कारबरो’ या तीन जहाजांवर मिळून हजाराच्या आसपास कैदी चढले, अडीचशेहून जास्त वाटेत मेले. एकट्या ‘नेपच्यून’वर दीडशेहून अधिक. घोट्यांत आखूड दांड्याच्या बेड्या, जहाज हललं की पाणी कमरेपर्यंत. शेजारी मेलेला माणूस लपवून ठेवत, का, तर त्याचा शिधा मिळावा म्हणून. सिडनीत पोचल्यावर पाद्री रिचर्ड जॉन्सन ‘सरप्राइझ’च्या तळघरात उतरला आणि त्याने जे पाहिलं ते लिहून ठेवलं. माणसं उघडी, अंगावर उवा, कित्येकांना उभं राहता येत नव्हतं. शिक्षा कुणालाही झाली नाही.

मग सुधारलं कसं? १८१४ मध्ये तीन जहाजांवर साथीच्या तापाने पुष्कळ माणसं दगावली, तेव्हा गव्हर्नर मॅक्वारीने एका डॉक्टरकडून अहवाल मागवला. त्याने हवा, स्वच्छता, कपडे, अन्न यांबद्दल एकेक गोष्ट लिहून दिली आणि प्रत्येक जहाजावर पूर्ण अधिकार असलेला सरकारी डॉक्टर हवा असं सांगितलं. ते मानलं गेलं. पुढच्या काळात वाटेतले मृत्यू शेकडा एकाच्या आसपास आले. हा डॉक्टर विल्यम रेडफर्न. १७९७ च्या आरमारी बंडात खलाशांना ‘एकजूट ठेवा’ एवढं सांगितलं म्हणून हद्दपार होऊन आलेला कैदी.

---

निशिगंध सिडनी

मास्तर, रेडफर्नबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. इथे त्याच्या नावाचं उपनगर आहे, मी रोज त्या स्टेशनवरून जाते.

शेवंतीताई, कापडाचा विषय निघालाच आहे तर हाइड पार्क बॅरॅक्सबद्दल सांगते. १८१९ मध्ये बांधलेली पुरुष कैद्यांची बराक, सहाशे माणसं झोळ्यांमध्ये झोपायची. नंतर तिथे काय काय झालं, पण लाकडी फळ्यांच्या जमिनीखाली उंदरांनी वर्षानुवर्षं चिंध्या, दोरे, कागद, हाडं ओढून नेऊन घरटी केली होती. जमीन उखडली तेव्हा ते सगळं कोरडं, जसंच्या तसं सापडलं. त्या इमारतीत कैद्याचा एक निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदराही मिळाला, त्यावर सरकारी बाणाचा शिक्का. तो काचेपलीकडे पाहिला की बाकी पाट्या वाचायची गरज राहत नाही. इमारतीचा वास्तुरचनाकार फ्रान्सिस ग्रीनवे, तोही कैदीच, दस्तऐवजाची बनावट केल्याबद्दल आलेला. १९६६ मध्ये दहा डॉलरची पहिली नोट निघाली तेव्हा तिच्यावर त्याचं चित्र होतं. आताच्या वीस डॉलरच्या नोटेवर मेरी रीबी आहे. तेरा वर्षांची असताना मुलाच्या वेषात घोडा चोरला म्हणून पकडली गेली, इथे येऊन जहाजांची मालकीण झाली.

एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. आपण ‘कैदी’ म्हटलं की गजाआडचा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथले बहुतेक कैदी कधी कोठडीत राहिलेच नाहीत. त्यांना शेतकऱ्यांना, पशुपालकांना वाटून देत. मजुरी नाही, फक्त शिधा, कपडा आणि झोपडी. मालक भला निघाला तर चार वर्षांत ‘टिकेट ऑफ लीव्ह’ मिळे, म्हणजे जिल्ह्यात राहून स्वतःच्या मजुरीवर जगायची मुभा. मालक वाईट निघाला तर... कायद्याने मालकाला स्वतः फटके मारता येत नसत, दंडाधिकाऱ्याकडे न्यावं लागे. पण दंडाधिकारी बहुधा शेजारचाच जमीनदार. उद्धट उत्तर दिलं, पन्नास फटके. माणसाचं सगळं नशीब उतरल्यावर कुणाच्या वाट्याला गेलो यावर.

---

पाऊलवाट

सगळं वाचतोय, माहिती उत्तम आहे. पण अजून कुणीच त्या जमिनीच्या मालकांचं नाव काढलं नाही. ज्या किनाऱ्यावर ही ११ जहाजं लागली तिथे इओरा लोक हजारो वर्षं राहत होते. कैद्याला सुटल्यावर जमीन मिळाली, रेडफर्नला मिळाली, मेरी रीबीला मिळाली. कुणाची जमीन? कैद्यांवर अन्याय झाला हे कबूल. पण तोच कैदी दुसऱ्यावरच्या अन्यायाचं हत्यार झाला.

१० जून १८३८, मायल क्रीक. न्यू साउथ वेल्सच्या, म्हणजे सिडनीच्या वसाहतीच्या, उत्तर भागात गुरांचा एक तळ. तिथे विरायाराय या मूळ रहिवासी लोकांची एक टोळी तळावरच्या माणसांच्या भरवशावर राहत होती. बारा घोडेस्वार आले, त्यातले अकरा कैदी किंवा माजी कैदी. किमान २८ जणांना दोराने बांधून नेलं आणि कापून काढलं. बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. तळावरचा किल्मिस्टर नावाचा कैदी या लोकांत बसायचा-उठायचा. तोही मारेकऱ्यांबरोबर गेला.

---

शेवंतीची वेणी

पाऊलवाट, तुम्ही हे लिहिलंत ते योग्यच केलंत. माझ्या लेखात हे यायला हवं होतं. मी बायकांच्या मागे लागले आणि हे राहून गेलं, चूक माझी.

मायल क्रीकबद्दल मी वाचलं आहे. त्या दिवशी तळावर आणखी एक कैदी होता, झोपडी राखणारा जॉर्ज अँडरसन. तो बरोबर गेला नाही. एका लहान मुलाला त्याने जाऊ दिलं नाही, वाचवलं. पुढे कोर्टात उभा राहून जे पाहिलं ते सांगितलं. कैद्याने कैद्यांविरुद्ध, काळ्या लोकांच्या बाजूने साक्ष देणं म्हणजे त्या मुलखात जिवाशी खेळ. पहिल्या खटल्यात पंचांनी सगळ्यांना सोडलं. महाधिवक्ता प्लंकेटने सात जणांवर पुन्हा खटला उभा केला आणि १८ डिसेंबर १८३८ ला ते सात फासावर गेले. टोळीचा म्होरक्या जॉन फ्लेमिंग स्वतंत्र नागरिक होता, जमीनवाल्याचा मुलगा. तो निसटला, आणि कधीच सापडला नाही. आता त्या जागेवर स्मारक आहे, २००० साली उभारलेलं, दर जूनमध्ये दोन्हीकडचे वंशज तिथे एकत्र येतात.

---

शब्दवेडा

‘जन्मठेप’ हा शब्द धाग्यात आला म्हणून लिहितो. आज आपण तो ‘आयुष्यभर तुरुंग’ या अर्थी वापरतो. इंग्रजी अमलात मात्र त्या सजेत समुद्रापार नेणं येतच असे, म्हणून तोंडी ‘काळं पाणी’. अंदमानची वसाहत मार्च १८५८ मध्ये सुरू झाली, पहिल्या खेपेला २०० कैदी, सत्तावन्नच्या उठावातले. पण त्याच्याही कितीतरी आधी मुंबई आणि बंगाल इलाख्यांतून हिंदी कैदी मॉरिशसला जात होते, रस्ते बांधायला.

इथे एक जोड सापडते. चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावरून १८३६ च्या जानेवारीत सिडनीत होता, फेब्रुवारीत होबार्टला, आणि त्याच वर्षी पुढे मॉरिशसच्या पोर्ट लुईला. सिडनीचे गोरे कैदी त्याने पाहिले, आणि पोर्ट लुईत आपल्याकडचे. तिथे तेव्हा सुमारे ८०० हिंदी कैदी होते असं तो लिहितो, आणि त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांचं त्याला नवल वाटतं. एकाच सरकारची माणसं समुद्रातून इकडून तिकडे हलवायची ही एकच व्यवस्था होती. ‘टिकेट’ हा प्रकारही अंदमानात आलाच. शिक्षेची काही वर्षं भरली की ‘टिकटा’वर बाहेर राहून शेती करायची, लग्न करायचं, पण बेट सोडायचं नाही.

आमच्या आजीच्या बोलण्यात ‘तो काळ्या पाण्यावर गेला’ असं यायचं, आणि ते मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तशा आवाजात. शेवंतीताईंनी अंतराची शिक्षा म्हटलं ती हीच.

---

पर्थकर

पश्चिम ऑस्ट्रेलियाची बाजू थोडक्यात मांडतो. इकडे कैदी उशिरा आले. न्यू साउथ वेल्सने १८४० मध्ये आणि टास्मानियाने १८५३ मध्ये कैदी घेणं थांबवलं, पण इकडच्या वसाहतीला मजूर हवे होते म्हणून १८५० ते १८६८ सुमारे ९,७०० पुरुष आणवले. बाई एकही नाही. शेवटचं जहाज ‘हूगमाँट’, जानेवारी १८६८, फ्रीमँटल. त्यावर ६२ फिनियन होते, म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी कट केलेले. बहुतेकांना काही वर्षांत माफी मिळाली. जे सैन्यात असताना कटात सामील झाले त्यांना मात्र नाही.

त्यांच्यापैकी जॉन बॉइल ओ’रायली १८६९ मध्ये निसटून अमेरिकेला पोचला आणि बॉस्टनमध्ये संपादक झाला. पण मागे राहिलेल्यांना विसरला नाही. तिकडच्या आयरिश लोकांनी वर्गणी काढून ‘कॅटल्पा’ नावाचं देवमासे पकडणारं जहाज विकत घेतलं. एप्रिल १८७६ मध्ये सहा जण कामावरून निघून होडीने त्या जहाजावर चढले. ‘जॉर्जेट’ ही बोट तोफ घेऊन आडवी आली, तेव्हा ‘कॅटल्पा’च्या कप्तानाने वर फडकणाऱ्या अमेरिकी झेंड्याकडे बोट दाखवलं. खुल्या समुद्रात त्या झेंड्यावर गोळी झाडायची कुणाची छाती झाली नाही. रॉकिंगहॅमच्या किनाऱ्यावर सहा रानहंसांचं शिल्प आहे, दर वेळी तिथे गेलो की मी मुलांना ही गोष्ट सांगतो.

---

निवृत्त मास्तर

शिक्षेबद्दल इतकं बोललो, तर अलेक्झांडर मकॉनकीचं नाव राहू नये. नॉरफॉक बेट म्हणजे ज्यांनी वसाहतीत आल्यावर पुन्हा गुन्हा केला त्यांचा नरक. तिथे १८४० मध्ये हा आरमारातला माणूस प्रमुख म्हणून गेला. त्याचं म्हणणं होतं की शिक्षा वर्षांत मोजू नका, कामात मोजा. कैद्याने कष्टाने आणि चांगल्या वागण्याने गुण मिळवावेत आणि आपल्या हाताने आपली सुटका जवळ आणावी. मे महिन्यात राणीच्या वाढदिवसाला त्याने सगळे दरवाजे उघडले, कैद्यांना बेटभर हिंडू दिलं, जेवण दिलं, नाटक करू दिलं. संध्याकाळी बिगूल वाजलं आणि सगळे मुकाट परत आले. एकही गडबड नाही. सिडनीत ही बातमी पोचली तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचे वाभाडे काढले. १८४४ मध्ये त्याला परत बोलावलं आणि बेटावर पुन्हा आसूड आला. मला तो सूर्यास्ताचा बिगूल फार आठवतो.

---

गारगोटी

धागा दोनदा वाचला. आता शेवटचं विचारतो, पळून थेट घरी गेलेलं कुणी आहे का? कॅटल्पावाले अमेरिकेला गेले, घरी नाही.

---

शेवंतीची वेणी

एक आहे. मेरी ब्रायंट. कॉर्नवॉलच्या कोळ्याची लेक. रस्त्यात एका बाईला लुटलं, त्यात एक रेशमी टोपी होती, म्हणून फाशी ठरली, मग सात वर्षं. पहिल्याच ताफ्यातल्या ‘शार्लट’ जहाजावर तिला मुलगी झाली, तिचं नाव जहाजाचंच ठेवलं. सिडनीत पोचल्यावर तिने विल्यम ब्रायंटशी लग्न केलं, तोही कॉर्नवॉलचा, मासेमारीतला. त्यांना मुलगा झाला, इमॅन्युएल. तेव्हा वसाहतीत उपासमार होती. विल्यमकडे सरकारी होड्या होत्या, त्याने थोडे मासे चोरून विकले आणि शंभर फटके खाल्ले.

२८ मार्च १७९१ च्या रात्री गव्हर्नरची होडी घेऊन ते निघाले. नवरा-बायको, तीन वर्षांची शार्लट, अंगावर पिणारा इमॅन्युएल आणि आणखी सात कैदी. होकायंत्र आणि नकाशा एका डच कप्तानाकडून मिळवलेला. उघड्या होडीतून ६९ दिवस, सुमारे ५,००० किलोमीटर, तिमोरच्या कुपांगपर्यंत. सगळे जिवंत पोचले. जहाज फुटलेले लोक म्हणून डचांनी आसरा दिला. काही दिवसांनी खरं कळलं आणि त्यांना इंग्रज कप्तानाच्या हवाली केलं. बटावियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तापाने आधी इमॅन्युएल गेला, मग विल्यम. केप टाउनहून मेरीला आणि शार्लटला ‘गॉर्गन’ जहाजावर घातलं. त्यावर कॅप्टन टेंच होता, पहिल्या ताफ्यात तिच्याबरोबर ‘शार्लट’वरून आलेला. त्याने तिला ओळखलं. मे १७९२ मध्ये शार्लट वाटेत वारली, तिला समुद्रातच सोडलं.

मेरी एकटी लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पोचली. लेखक जेम्स बॉसवेलने तिची बाजू धरली, अधिकाऱ्यांकडे खेटे घातले, मे १७९३ मध्ये तिला माफी मिळाली. त्याने तिला वर्षाला दहा पौंड लावून दिले आणि ती कॉर्नवॉलला आपल्या माणसांत गेली.

जाण्याआधी तिने बॉसवेलला एक पुडी दिली. सिडनीच्या रानात एक गोडसर पानांचा वेल असतो, चहापत्ती मिळत नसे म्हणून कैदी त्याचा काढा करून पीत. ती वाळलेली पानं तिने निघताना बांधून घेतली होती. होडीतून, कुपांगमधून, बटावियातून, दोन मुलं आणि नवरा गेल्यावरही ती तिच्याजवळ राहिली. बॉसवेलने पुडीवर काय आहे ते लिहून ठेवलं, आणि ती त्याच्या कागदांत सापडली. पानं अजून आहेत.